गुलाबी झालं की संपलं

१ जानेवारी
मुलगा भारत नोकरीला आहे त्या बियाणे कंपनीने शेतकऱ्यांना वाटायला डायऱ्या छापल्या. एक उरली ती मला दिली. वर टोमॅटोचं चित्र. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला रोज चार ओळी लिहायला काय हरकत आहे? कोणी वाचायची नाही.

या वर्षीचे निश्चय. गुडघ्यांना रोज तेल. चिडायचं नाही. पाडव्याच्या आत ते कुत्रं घराबाहेर.

संध्याकाळी : तेल लावलं नाही. बाटली कुत्रीने चावून ठेवली होती. चिडलो. पहिला दिवस धरायचा नसतो.

३ जानेवारी
कुत्रीची हकिकत एकदा नीट लिहून ठेवतो. नाव मफिन. मफिन म्हणजे एक गोड पाव, असं नात सांगते. जनावराला पावाचं नाव! आमच्या गावी, धावड्याला, कुत्र्याचं नाव वाघ्या होतं, आणि तो नावाला जागायचा.

जात विचारली तेव्हा भारत म्हणाला, लॅब्राडूडल आहे आबा, लॅब्राडॉर आणि कुरळ्या केसांच्या पूडलची क्रॉस. मी म्हणालो, म्हणजे हायब्रीड. तो म्हणाला, तसंच समजा. समजा कशाला? मी धावड्याला तीस वर्षं कपाशीचे सीड प्लॉट केले, कंपनीसाठी बियाण्याची शेती. संध्याकाळी मादी झाडाची कळी सोलायची, सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर घासायचं, खुणेचा दोरा बांधायचा. माझ्या हातचं क्रॉसिंग कधी फेल गेलं नाही. कंपनीचे साहेब जीपमधून उतरले की आधी विचारायचे, कचरू कुठाय? आणि आज माझ्याच घरात मला विचारतात, आबा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

कुत्रं आणलं तेव्हा मी बीडला लग्नाला गेलो होतो. मुद्दाम तोच दिवस साधला.

६ जानेवारी
हा रोग सगळीकडे पसरला आहे. नवीन जालन्यात आमच्या एका गल्लीत तीन डूडल. पूडल आणि कॉकर, पूडल आणि अजून कुठलं तरी. पूडलने कोणाला सोडलेलं दिसत नाही. संध्याकाळी बाया त्यांना दोरीला बांधून फिरवतात आणि एकमेकींना विचारतात, तुमचं किती टक्के आहे? दुधाची फॅट विचारावी तसं.

समोरचे अण्णासाहेब, जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. त्यांना गेटवर गाठून माझं मत सांगितलं. म्हणालो, देशी बी वर्षानुवर्षं घरचं ठेवता येतं. हायब्रीडचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर एक झाड इकडे, एक तिकडे. कुत्र्याचंही तसंच होणार. हे देवाच्या कामात हात घालणं झालं. अण्णासाहेब म्हणाले, कचरूबुवा, तीस वर्षं तुम्ही कुठं हात घालून बसल्ते?

कपाशीची गोष्ट वेगळी. कपाशीला आई-बाप नसतात. हे मला घरी आल्यावर सुचलं. परत जाऊन सांगितलं. ते जेवत होते.

९ जानेवारी
हेच कुत्रं आणण्याचं खरं कारण नात, तृप्ती. कुत्रं तिलाच पाहिजे, आणि कुत्र्याच्या केसांनी शिंकाही तिलाच येतात. पुण्याच्या विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, पूडलची क्रॉस आहे, केस गळतच नाहीत, शिंक येणारच नाही. बियाण्याच्या पाकिटावर छापतात तसंच. पाकिटावर सगळंच उगवतं.

आज माझ्या धोतरावरचे केस वेचून वाटीत जमा केले आणि वंदनासमोर ठेवले. सुनेने वाटी धुऊन टाकली. तृप्ती तेवढ्या वेळात चारदा शिंकली.

तिनेच एक गोष्ट सांगितली. परदेशात ज्याने ही क्रॉस नावारूपाला आणली, त्याने पुढे म्हातारपणी म्हटलं म्हणे, की मला पस्तावा होतो. लोकांनी हावरटपणाने कशाचीही कशाशीही क्रॉस केली, आजारी पिल्लं निपजली. मला फार बरं वाटलं. इतक्या लांब का होईना, माझ्या मताचा एक माणूस आहे. मग तिने व्हिडिओ दाखवला. अंधाऱ्या खोलीत जाळीमागे कुत्र्या, प्रत्येक माजाला गाभण, थानं लोंबलेली. पाहवलं नाही. मी म्हणालो, ही पण अशाच खोलीतली असेल. तृप्तीने फोन उलटा ठेवला. कुत्री मात्र माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली होती. पाय काढून घेतला. थोड्या वेळाने.

१२ जानेवारी
गंभीर बाब. भारत व्हरांड्यात फोनवर बोलत होता. पलीकडे संभाजीनगरचे राधेश्याम. त्यांचं बियाण्याचं दुकान आहे आणि घरात पांढरा पूडल आहे, नर. भारत म्हणत होता, हो हो, मादीच आहे, अजून माजावर आली न्हाई, आली की सांगतो.

म्हणजे आमच्या घरात आता वीण चालणार.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेतला, गोड काही बोललो नाही. जेवताना विषय मीच काढला. म्हणालो, या घरात क्रॉसिंग होणार असेल तर आधी माझा विचार घ्या, या विषयातला घरात दुसरा माणूस नाही. भारत म्हणाला, आबा, ऐका तर, राधेश्यामशेठनं विचारल्तं, पण मी डॉक्टरांशी... पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. डॉक्टरपर्यंत गेले म्हणजे सगळं ठरलेलं आहे.

पोळी अर्धी राहिली. गुळाची होती.

१६ जानेवारी, दुपारी
आता सगळं उघड झालं. मी पलंगावर डोळे मिटून पडलो होतो. झोपलो नव्हतो. भारत वंदनाला म्हणाला, महिनाअखेरीस मागची खोली रिकामी करू. वंदना म्हणाली, आबांना आत्ता सांगू नका, उगं गोंधळ घालतील.

मागची खोली माझी आहे. सकाळचं ऊन येतं. माझ्या कैलासवासी बायकोचा, चांगुणाबाईचा फोटो तिथे आहे, तिने शिवलेली गोधडी आहे, माझी ट्रंक आहे. घरात सगळ्यांत ऊबदार जागा ती. म्हणजे कुत्री तिथे विणार, आणि मला धावड्याला बहिणीकडे धाडणार. सोनूबाईकडे! ती पहाटे चारला उठून भांडी आपटते, आणि १९८२ सालच्या एका म्हशीवरून अजून मला बोलते.

खोलीचा प्रश्न नाही. माणसाने तत्त्वाला धरून राहावं. क्रॉसिंग हे मुळातच पाप आहे आणि ते मी होऊ देणार नाही. खोली असती नसती तरी हेच म्हणालो असतो.

१७ जानेवारी
टेम्पोतून भलं मोठं खोकं आलं. दोघांनी उचलून व्हरांड्यात ठेवलं. चित्राची बाजू भिंतीकडे केली आणि वरून जुनी चादर टाकली. तृप्ती म्हणाली, आबा, याला हात लावायचा न्हाई हं. मला कशाला हात लावायचाय? बाळंतिणीचं सामान दिसतंय. टब असेल. आमची चांगुणाबाई तुटक्या बाजेवर बाळंत झाली, तीन वेळा.

भारतने विचारलं, गुडघे कसे आहेत? विषय बदलण्याचा डाव मला कळतो. म्हणालो, गुडघ्यांचं सोड. खरं तर गुडघे वाईट आहेत. संडासात बसलं की उठताना नळाला धरावं लागतं. नळ हलतो. पण शत्रूला आपली कच्ची बाजू दाखवायची नसते.

१९ जानेवारी
आली. माजावर आली. फरशीवर थेंब. वंदना म्हणाली, अगं बाई, आता तीन आठवडे हिला बाहेर सोडायचं न्हाई. मी म्हणालो, काळजी करू नकोस, तिची जबाबदारी माझी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भारत म्हणाला, आबा, तुम्ही? तो मनातून घाबरला असणार.

योजना तयार आहे. सीड प्लॉटला आयसोलेशन असतं, म्हणजे आजूबाजूला दुसरी कपाशी नको, वाऱ्याने परका पराग येता कामा नये. तेच इथे. मागचं दार बंद. पुढच्या गेटवर मी, काठी घेऊन. ज्याने तीस वर्षं भुंगे हाकलले त्याला एक पूडल काय जड आहे?

२० जानेवारी
कळीवर कागदाची पिशवी चढवतात त्यावरून सुचलं. तृप्तीची जुनी चड्डी घेतली, शेपटीला भोक पाडलं, कुत्रीला घातली. जालना जिल्ह्यात हे कोणाला सुचलं नसेल.

संध्याकाळी : कुत्रीने चड्डी खाल्ली. चड्डी जुनी नव्हती असं तृप्तीचं म्हणणं आहे.

२२ जानेवारी
मोठा विजय! राधेश्याम मोटारीतून आले. मागच्या सीटवर तो पांढरा पूडल, डोक्यावर गोंडा, बायकांच्या पर्सवर असतो तसा. मी गेटमध्ये खुर्ची टाकून आडवा बसलो. ते म्हणाले, नमस्कार आबाजी, भारतभाऊ आहेत का? मी म्हणालो, भारत आहे, पण काम होणार न्हाई. ते म्हणाले, फक्त पाच मिनटं. मी म्हणालो, पाच मिनटातच होत असतंय ते, मला ठाऊक आहे. पुढे आणखी काही बोललो. ते लिहीत नाही.

मोटार वळली आणि गेली. पूडलचे पाय जमिनीला लागले नाहीत.

रात्री भारत फार बोलला. शेठ मिरचीच्या बियाण्याची ऑर्डर द्यायला आल्ते म्हणे, वर्षाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, कुत्र्याला वाटेत डॉक्टरला दाखवायचं म्हणून बरोबर आणल्तं. सबब चांगली रचली होती.

२५ जानेवारी
पहारा चालू. गल्लीतली सगळी कुत्री गेटपाशी जमतात. काळं, पिवळं, एक लंगडं. सगळ्यांना काठी. फक्त पहिलवानला नाही. पहिलवान मटणाच्या दुकानापाशी राहतो. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. मी त्याला रोज भाकरी घालतो. शुद्ध देशी वाण. ना गोंडा, ना सर्टिफिकेट. उन्हाळ्यात तापत नाही, पावसाळ्यात सडत नाही. बाकीची कुत्री भुंकतात, हा लांब बसून बघतो. संयम आहे. अण्णासाहेबांना म्हणालो, जात असावी तर अशी. ते म्हणाले, बघा बुवा, हा लई शांत बसून राह्यला. मी म्हणालो, संस्कार आहेत.

कुत्री दिवसभर माझ्या खुर्चीखाली. मी उठलो की उठते, बसलो की बसते. संडासापर्यंत मागे येते आणि दाराबाहेर बसते. कैदी पहारेकऱ्याला चिकटतो तसा प्रकार आहे.

२८ जानेवारी
मोहीम फत्ते.

आज सकाळी फरशीवरचे थेंब नीट पाहिले. लाल जाऊन गुलाबी, फिकट. तीस वर्षांचा अनुभव इथे कामाला आला. कपाशीचं फूल पांढरं असतं तोवर तयार असतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी झालं की मामला खतम. मग त्यावर कितीही पराग घासा, बोंड धरत नाही. गुलाबी झालं की संपलं! नव्या मजूर बायांना मी पहिल्या दिवशी हेच वाक्य पाठ करायला लावायचो.

वंदना म्हणाली, आबा, तीन आठवडे झाले न्हाईत, मला वाटतं अजून दहा-बारा दिवस राखावं. मी हसलो. म्हणालो, पोरी, तू डी.एड. आहेस, सीड प्लॉट केलेली न्हाईस.

दुपारी बक्षीस म्हणून कुत्रीला गेटबाहेर लिंबाखाली घेऊन बसलो. पहिलवान आला. येऊ दिला. धोका टळलेला आहे, आणि त्या पावाला जरा देशी संगत घडली तर वाईट काय? ऊन छान होतं. डोळा लागला.

गल्लीतली पोरं हसत होती म्हणून जाग आली. कशाला हसत होती कळलं नाही. समोर अण्णासाहेबांच्या प्रभावतीबाईंनी खिडकी धाडकन लावून घेतली. दोन्ही कुत्री लिंबाखाली आपापल्या जागी, बिलकुल शांत. पहिलवान पाय चाटत होता.

२९ जानेवारी
आजही लिंबाखाली. आजही डोळा लागला. पहाऱ्याचा थकवा आता बाहेर पडतो आहे. प्रभावतीबाईंनी खिडकीला पडदा लावला. लोकांना दुसऱ्याचं समाधान बघवत नाही.

३१ जानेवारी
म्हटलं होतं तसंच झालं. भारत म्हणाला, आबा, चार दिवस हॉलमध्ये झोपा, तुमच्या खोलीत काम करून घ्यायचंय. मी म्हणालो, कसलं काम? तो म्हणाला, तुमच्याच सोयीचं आहे. मी म्हणालो, सोय लावायला निघालात ना माझी? लावा. आणि आतून कडी घातली.

गवंडी आला होता, कल्याण नावाचा. बाहेरून हातोडी वाजवून दाखवली. मी आतून ट्रंक दाराला लावली. कल्याण म्हणाला, आजोबा, उघडा की, माझी रोजी बुडून राह्यली. मी ट्रंकेवर बसलो. खिडकीतून कुत्री आत बघत होती. तिलाही कळायला पाहिजे की ही खोली कोणाची आहे.

२ फेब्रुवारी
तिसऱ्या दिवशी कल्याण कंटाळला. अंकुशनगरला कारखान्याच्या वसाहतीचं मोठं काम मिळालं, तिकडे गेला. आता चार-पाच महिने येणार नाही. भारत कपाळाला हात लावून व्हरांड्यात त्या खोक्यावर बसला होता.

वीण नाही, खोली शाबूत. लढाई दोन्ही आघाड्यांवर जिंकली. तृप्ती रडली, का ते सांगितलं नाही. पिल्लं पाहिजे असतील.

१९ फेब्रुवारी
बरेच दिवस लिहिलं नाही. जिंकलेल्या माणसाला लिहायला विषय नसतो. गुडघे दुखतात. नळ जास्तच हलतो आहे.

६ मार्च
कुत्रीचं अंग सुटलं आहे. पोट खाली आलं. वंदना तिला तूप घालते हे मी केव्हापासून सांगतो आहे. या मिश्र जातींना पचत नाही. एकाचं पोट, दुसऱ्याची आतडी. ओवा द्या म्हणालो.

१० मार्च
डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो, ओव्याचं सांगायला. डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं आणि म्हणाले, अभिनंदन, गाभण आहे, महिनाअखेर धरा.

मी म्हणालो, शक्य न्हाई, गुलाबी झाल्तं. डॉक्टर म्हणाले, काय गुलाबी झाल्तं? मी सगळं नीट समजावून सांगितलं, कपाशीसकट. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, बाबा, कुत्रीत उलटं असतं. लाल असतं तोवर ती नराला जवळ येऊ देत न्हाई. गुलाबी, फिकट झालं की खरी वेळ. कंपाउंडरने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मग भारत डॉक्टरांना म्हणाला, तुम्ही जानेवारीत सांगितलं तसं एप्रिलमध्ये तिच्या नसबंदीचं ऑपरेशन करायचं होतं, आता? मी विचारलं, म्हणजे काय? भारत म्हणाला, आबा, मला वीण करायचीच नव्हती. राधेश्यामशेठला मी संक्रांतीच्या आधीच न्हाई म्हणून सांगितल्तं. जेवताना तेच सांगत होतो, तुम्ही ताट घेऊन उठलात.

परत येताना कुत्री माझ्या मांडीवर बसली होती. जड झाली आहे.

११ मार्च
मला अजून राधेश्यामवर संशय आहे. मोटारीची मागची काच उघडी होती. दोन बोटं उघडी होती. फोन लावला. ते म्हणाले, आबाजी, दोन बोटांतनं? एवढी ताकद आमच्या टॉमीत असती तर मी त्याला कुस्तीला घातलं असतं.

१४ मार्च
बातमी गल्लीभर झाली. तृप्तीने फोनवर टाकली. लॅब्राडूडलची पिल्लं येणार! रोज कोणीतरी दारात. अण्णासाहेबांनी एक सांगून ठेवलं. मटणवाल्याच्या समोरच्या मेडिकलवाल्याने एक. भारतच्या साहेबांनी दोन. राधेश्यामसुद्धा म्हणाले, झालं गेलं सोडा आबाजी, आमच्या टॉमीला जोडीदार द्या.

सगळे विचारतात, बाप कोणता? मी सांगतो, चौकशी चालू आहे. सगळे म्हणतात, केस कुरळे पाहिजेत हं.

एकेकाला गेटवर उभं करून सांगितलं की ही फॅशन आहे, हे पाप आहे, उद्या शिंका थांबल्या नाहीत तर तुम्हीच पिल्लाला रस्त्यावर सोडाल. सगळे मान हलवतात आणि विचारतात, कुरळे असतील ना?

३० मार्च
पाडवा. कुत्री घराबाहेर जाण्याची मुदत आज संपली. मुदत वाढवतो.

गुढी उभारताना कुत्री माझ्या खोलीत गेली आणि पलंगाखाली गोधडी उकरायला लागली. चांगुणाबाईची गोधडी. ओरडलो. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, परत उकरायला लागली.

१ एप्रिल
व्याली. माझ्याच खोलीत, गोधडीवर. पाच.

वंदना आत, मी दाराबाहेर. मी विचारलं, कुरळे? ती म्हणाली, आबा, जरा गप्प बसा. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, आबा, तुम्हीच येऊन बघा.

एक आईसारखं कुरळं, पांढरं. बाकीची चार तांबूस.

सेटिंग, म्हणजे बोंड धरणं, शंभर टक्के. एकही कळी वाया नाही. हे फक्त इथे लिहितो.

४ एप्रिल
अण्णासाहेब बघायला आले. बॅटरी लावून निरखलं आणि म्हणाले, कचरूबुवा, हे तर पहिलवान. मी म्हणालो, पुरावा काय? ते म्हणाले, पुरावा कशाला, आम्ही गॅलरीतून बघितलं न्हाई का? प्रभावतीनं खिडकी लावून घेतली. अहो, तुम्ही तर खुर्ची टाकून, काठी घेऊन राखणीला बसल्ते. आम्हाला वाटलं, मुद्दाम जमवून राह्यले!

तुमचं पिल्लू कोणतं घेता, असं मी विचारलं. म्हणाले, बघतो. आमच्याकडे जागा कमी आहे.

१९ एप्रिल
डोळे उघडले, कान कळायला लागले. चौघांचा एक कान उभा राहायला बघतो, एक पडतो. कुरळं एकच, त्याला तीन गिऱ्हाइकं. बाकीच्यांना कोणी नाही. मेडिकलवाला म्हणाला, आबा, हे तर गल्लीत फुकट मिळतंय. साहेबांनी फोन उचलणं बंद केलं.

भारत म्हणाला, दोन महिन्यांची झाली की चारही धावड्याला सोनूआत्याच्या शेतात सोडून देऊ. मला काय झालं कळलं नाही. एकदम ओरडलो. म्हणालो, नापास झालेलं बी आहे का ते, उकिरड्यावर फेकायला? जन्माला घातलंय तर सांभाळायची जबाबदारी आपली. वंदना म्हणाली, कोणी घातलं जन्माला, आबा?

हे सुनेने विचारायला नको होतं.

म्हणालो, एकही पिल्लू इथनं जाणार न्हाई, चांगलं घर मिळेपर्यंत. आणि कुरळ्याला नेणाऱ्यानं आधी बाकीच्यांना नाव ठेवणं बंद करावं. भारत म्हणाला, मंग ठेवायची कुठं? पलंगाखाली आता मावत न्हाईत. डॉक्टरांनी सांगितलंय, ऊबदार खोली पाहिजे.

तत्त्वाचा प्रश्न होता. मागे हटता येईना.

२० एप्रिल
माझा पलंग व्हरांड्यात आणला. चांगुणाबाईचा फोटो खोलीतच राहिला. खिळा इकडे नाही.

पलंगाला जागा करायला ते खोकं फिरवलं. चादर सरकली. भिंतीकडची बाजू पुढे आली. खोक्यावर चित्र. टब नव्हता. खुर्चीसारखा पांढरा संडास, बसायचा. बाजूला भिंतीत बसवायचा स्टीलचा दांडा, धरून उठायला. खाली तृप्तीच्या अक्षरात लिहिलं होतं : आबांसाठी सरप्राईज, कोणी सांगायचं न्हाई!

जानेवारीत खोलीला लागून संडास बांधायचा होता. म्हणून खोली चार दिवस रिकामी पाहिजे होती. तृप्ती म्हणाली, आबा, आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. मी म्हणालो, बिलकुल म्हणालो नसतो. वंदना स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथून फक्त भांड्यांचा आवाज आला.

भारतने कल्याणला फोन लावला. तो म्हणाला, अंकुशनगरचं काम दिवाळीपर्यंत चालतंय. आणि त्या आजोबांकडे परत यायचं न्हाई.

व्हरांड्यातही हवा चांगली आहे. खोक्यावर तांब्या ठेवता येतो.

२१ एप्रिल, सकाळी
नळ हातात आला.

उठता येईना. पाण्याचा फवारा तोंडावर. भारतला हाक मारली, वंदनाला मारली. सगळे झोपेत. शेवटी बाहेर पावलं वाजली. दार ढकललं गेलं. मफिन.

दारात उभी राहून तिने मला नीट बघितलं. मग अंग झटकलं आणि परत गेली. माझ्या खोलीत.